न्यूटनच्या खुर्चीवरून न्यूटनला दुरुस्ती

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात फ्रँकलिन नावाचे छोटे गाव आहे. १९५४ पर्यंत तिथे जस्ताची खाण चालू होती. या खाणीतला दगड दिवसाउजेडी पाहिला तर त्यात विशेष काही नाही. पांढऱ्या कॅल्साइटमध्ये काळे, लालसर आणि मळकट दाणे. त्यातले मळकट दाणे म्हणजे विलेमाइट, जस्त आणि सिलिका यांच्यापासून बनलेले सिलिकेट खनिज. काही दाणे इतके फिकट, की शेजारच्या कॅल्साइटमधून ते वेगळे ओळखणे अवघड. जस्त काढून घेतल्यावर उरलेल्या चुऱ्यात किती विलेमाइट वाया जाते आहे हे कसे पाहायचे? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाणवाल्यांनी त्यावर एक नामी उपाय शोधला. अंधाऱ्या खोलीत लोखंडाच्या दोन टोकांमध्ये विजेची ठिणगी पाडायची आणि तिच्या उजेडात चुरा पाहायचा. विलेमाइट हिरवेगार उजळते, कॅल्साइट निखाऱ्यासारखे लाल दिसते. ठिणगी बंद झाली की पुन्हा तोच साधा चुरा.

धातूच्या ठिणगीतून डोळ्यांना न दिसणारा उजेड भरपूर बाहेर पडतो, साधी काच तो अडवते, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ त्याला जाऊ देते आणि काही पदार्थ तो गिळून त्याच्या बदल्यात दिसणारा उजेड देतात. या सगळ्या गोष्टींची नीट जुळणी खाणीच्या कितीतरी आधी केंब्रिजमधल्या एका अबोल प्राध्यापकाने करून ठेवली होती. त्यांचे नाव जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स. विज्ञान शाखेला गेलेल्यांना हे नाव आठवेल ते ग्लिसरीनच्या उंच नळीत सोडलेल्या छर्‍यामुळे. छर्रा ठरावीक वेगाने खाली का जातो हे सांगणारा नियम त्यांचाच. पण उजेडाविषयी त्यांनी जे केले ते जास्त धाडसाचे होते, असे मला वाटते.

स्टोक्स यांचा जन्म १३ ऑगस्ट १८१९ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, स्लायगो परगण्यातल्या स्क्रीन या खेड्यात झाला. वडील तिथले धर्मोपदेशक. भावंडांत जॉर्ज सर्वांत धाकटे. डब्लिनमध्ये शाळा, मग ब्रिस्टलमध्ये दोन वर्षे आणि १८३७ मध्ये केंब्रिजचे पेम्ब्रोक कॉलेज. १८४१ मध्ये गणिताच्या अंतिम परीक्षेत ते पहिले आले. त्या काळी केंब्रिजमध्ये या पहिल्या क्रमांकाला ‘सीनियर रँग्लर’ म्हणत. मराठी वाचकाला हा शब्द परका नाही, रँग्लर परांजपे याच परीक्षेत १८९९ मध्ये पहिल्या क्रमांकाचे संयुक्त मानकरी ठरले होते.

पुढची दहा वर्षे स्टोक्स यांनी झपाट्याने काम केले. वाहत्या द्रवातले अंतर्गत घर्षण गणितात कसे बसवायचे हे त्यांनी १८४५ मध्ये दाखवले. आज हवामानाचा अंदाज आणि विमानाचा पंख या दोन्हींच्या हिशेबात येणारी नेव्हिए-स्टोक्स समीकरणे ती हीच. लंबकावर हवेचा काय परिणाम होतो याचा शोध घेता घेता छर्‍याचा नियम निघाला आणि त्यावरून ढगांतले बारीक थेंब आकाशात तरंगल्यासारखे का दिसतात तेही कळले. १८४९ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते ल्युकेशियन प्राध्यापक झाले. ही ती जागा, जिच्यावर कधी काळी आयझॅक न्यूटन होते. मान मोठा, पगार मात्र बेताचा, इतका की पुढे काही वर्षे स्टोक्स यांना लंडनच्या खाणकाम विद्यालयातही शिकवायला जावे लागले.

न्यूटनचे नाव इथे केवळ शोभेला घेतलेले नाही. लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून न्यूटनने दाखवले होते की एकदा वेगळा झालेला रंग पुढे बदलत नाही. लाल किरण दुसऱ्या लोलकातून न्या, आरशावर पाडा, रंगीत कापडावर पाडा, तो लालच राहतो. किरण किती वाकतो हे त्याचे जन्मजात लक्षण, ते कुणी बदलू शकत नाही. पावणेदोनशे वर्षे हे तत्त्व प्रकाशशास्त्राच्या पायात घातलेला दगड होते.

याला धक्का लागला तो एका औषधामुळे. आपल्या आजी-पणजीच्या पिढीला ‘कोयनेल’ म्हणून ठाऊक असलेले, हिवतापावरचे कडूजहर क्विनीन. सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० मध्ये फ्रान्समध्ये वेगळे काढले गेले. क्विनीन सल्फेटचे पाणी पारदर्शक, पण उन्हात धरले की उजेड शिरतो त्या बाजूच्या पृष्ठभागाजवळ निळसर झाक दिसते. जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये याचे वर्णन केले. त्यांना एक चमत्कारिक गोष्टही आढळली. क्विनीनच्या पाण्यातून एकदा पार झालेला उजेड दुसऱ्या भांड्यातल्या क्विनीनमध्ये निळी झाक निर्माण करत नाही. उजेडातले काहीतरी पहिल्याच भांड्यात खर्च होते. पण काय खर्च होते? बाहेर पडलेला उजेड तर पूर्वीसारखाच पांढरा दिसतो.

स्टोक्स १८५२ मध्ये या कोड्याकडे वळले. न्यूटनच्या तत्त्वाला हात न लावता उत्तर सापडते का, हे त्यांनी आधी तपासले. एकेक वाट बंद होत गेली. शेवटी उरली ती शक्यता अशी, की निळा उजेड हा आत शिरलेल्या निळ्या उजेडाचा भाग नाहीच. दुसरेच कुठले तरी किरण आत शिरतात आणि क्विनीन त्यांचे निळ्यात रूपांतर करते.

ते पडताळण्यासाठी त्यांनी केलेला प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येईल असा होता. अंधाऱ्या खोलीच्या झडपेला फट, फटीतून येणारे ऊन लोलकांमधून नेऊन पाडलेला रंगांचा पट्टा आणि क्विनीनच्या पाण्याची नळी. ही नळी ते लाल टोकाकडून जांभळ्या टोकाकडे सरकवत गेले. लाल, पिवळा, हिरवा, निळा यांतून काहीच झाले नाही, उजेड सरळ आरपार. जांभळ्याच्या शेवटाशी निळी झाक उमटू लागली. आणि नळी जांभळ्याच्याही पलीकडे, डोळ्यांना निव्वळ अंधार दिसतो तिथे गेल्यावर ती निळ्या उजेडाने भरून गेली.

जांभळ्यापलीकडे काहीतरी आहे, त्याने चांदीचे क्षार काळे पडतात, हे योहान रिटर यांनी १८०१ मध्येच दाखवले होते. पण ते किरण प्रत्यक्ष दिसणाऱ्या उजेडात बदलताना पाहायला मिळणे ही गोष्ट वेगळी. आत जाणारा किरण जास्त वाकणारा, बाहेर पडणारा कमी वाकणारा. म्हणजे न्यूटनने अढळ मानलेले लक्षण बदलले होते आणि ते सांगणारा माणूस न्यूटनच्याच खुर्चीत बसलेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला, छापल्यावर तो जवळपास शंभर पानांचा झाला. वसंतात हाती घेतलेले काम उन्हाळ्याआधी इतके लिहून झाले, यावरून त्यांची झेप लक्षात यावी.

निबंधात केवळ क्विनीन नव्हते. झाडांच्या पानांचा अर्क, हळदीचा अर्क, युरेनियम घातलेली पिवळी-हिरवी काच आणि खनिजेही. त्यातले एक म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या ऑल्स्टन मूर भागातले फ्लोरस्पार. या घटनेला नाव काय द्यावे? आधी एक लांबलचक वर्णनात्मक नाव त्यांनी वापरून पाहिले, ते त्यांनाच पटले नाही. मग एका तळटीपेत सुचवले, की ‘ओपल’वरून जसा ओपलेसन्स शब्द झाला, तसा फ्लोरस्पारवरून फ्लुओरेसन्स म्हणावे. मराठीत आपण याला प्रतिदीप्ती म्हणतो. गंमत अशी, की फ्लोरस्पार या नावाचा उजेडाशी संबंधच नाही. धातू वितळवताना हे खनिज घातले की रस पातळ होऊन वाहू लागतो, म्हणून ‘वाहणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ते नाव पडले होते.

पुढचा टप्पा खनिजांच्या दृष्टीने मोलाचा. स्टोक्स यांच्या लक्षात आले, की काचेचे लोलक आणि भिंगे अदृश्य किरणांचा मोठा भाग वाटेतच गिळतात, क्वार्ट्झची केली तर पट्टा लांबतो. तरी सूर्याचा पट्टा एका जागी संपतोच. याचे कारण आज आपल्याला माहीत आहे: साधारण ३०० नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीच्या लहरी वातावरणातला ओझोन अडवतो. स्टोक्स यांनी मग सूर्याऐवजी विजेची ठिणगी घेतली. १८६२ मध्ये त्यांनी दाखवले, की धातूंच्या ठिणगीचा पट्टा दिसणाऱ्या भागाच्या कित्येक पट लांब जातो आणि प्रत्येक धातूच्या त्यात वेगवेगळ्या रेषा असतात. हा अदृश्य पट्टा पाहायला त्यांनी वापरलेला पडदाही फ्लुओरेसन्ट, युरेनियमच्या फॉस्फेटचा.

आता फ्रँकलिनच्या विलेमाइटकडे परत पाहा. त्याला सर्वांत चांगले चेतवणारे किरण २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे, म्हणजे जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात नसलेले. म्हणून उन्हात ते खनिज गप्प असते आणि लोखंडाच्या ठिणगीत उजळते. आतली यंत्रणा अशी: स्फटिकातल्या जस्ताच्या काही अणूंच्या जागी मँगनीजचे अणू बसलेले असतात. अतिनील किरणाची ऊर्जा त्यांच्यापर्यंत पोहोचली की त्यांचे इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर जातात. तिथून थोडी ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत हरवते आणि उरलेली ५२५ नॅनोमीटरच्या आसपास हिरवा उजेड होऊन बाहेर येते. हिशेब केला तर घेतलेल्या ऊर्जेपैकी निम्म्याहून थोडी कमीच परत मिळते. बाहेर पडणारा उजेड आत आलेल्यापेक्षा कमी ताकदीचा, हाच स्टोक्स यांचा नियम. आत घेतलेल्या आणि बाहेर दिलेल्या लहरींमधल्या या अंतराला आजही ‘स्टोक्स शिफ्ट’ म्हणतात. मँगनीजचे प्रमाण अगदी थोडे असले तरी पुरते. अनेक खनिजांत चमक येते ती मूळ पदार्थामुळे नव्हे, अशा भेसळीमुळेच.

या सिलिकेटचा पुढचा प्रवास आरोग्याच्या सदरात सांगायलाच हवा असा आहे. ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटरचेच किरण देते आणि नळीच्या आतला पांढरा लेप त्यांचा दिसणारा उजेड करतो. १९३८ मध्ये अमेरिकेत ट्यूबलाइट बाजारात आल्या तेव्हा लेपात कृत्रिम विलेमाइट होते, लवकरच त्यात बेरिलियम घातलेले जस्त-सिलिकेट आले. काही वर्षांतच मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम इथे ट्यूब बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांना, त्यात बऱ्याच तरुण मुली होत्या, धाप लागू लागली, वजने घटू लागली. आधी हा वेगळाच फुप्फुसाचा आजार समजला गेला. डॉ. हॅरिएट हार्डी यांनी १९४६ मध्ये सहकाऱ्यासह त्याचा बेरिलियमशी संबंध दाखवून दिला. १९४९ मध्ये उत्पादकांनी ट्यूबमधून बेरिलियम काढून टाकले. हा आजार काहींना कारखाना सोडल्यावर कित्येक वर्षांनी झाला. एक खबरदारीही इथेच सांगतो. हौसेने दगड पाहण्यासाठी आखूड लहरींचे अतिनील दिवे आता सहज विकत मिळतात. हे किरण थोड्या वेळातही डोळ्यांच्या बुबुळाला भाजू शकतात आणि त्वचेलाही. अतिनील अडवणारा चष्मा घातल्याशिवाय ते वापरू नयेत, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नयेत.

स्टोक्स यांनी दिलेली प्रयोगाची एक रीत दवाखान्यात रोज दिसते. उजेड पदार्थावर पडण्याआधी निळ्या-जांभळ्या काचेतून न्यायचा आणि पदार्थाकडे पिवळ्या काचेतून पाहायचे. दोन्ही काचा एकावर एक धरल्या तर जवळजवळ काहीच पार होत नाही. तरीही काही चमकताना दिसले, तर तो उजेड पदार्थानेच नव्याने तयार केलेला. डोळ्यात कचरा गेला म्हणून तुम्ही नेत्रतज्ज्ञाकडे जाता, ते फ्लुओरेसीनची पट्टी पापणीला टेकवतात, निळा दिवा लावतात आणि बुबुळावरचा ओरखडा हिरवा चमकतो. ही तीच रीत.

वैद्यकाशी त्यांचा संबंध इथेच संपत नाही. १८६४ मध्ये त्यांनी रक्ताचा रंग हाती घेतला. रक्तातून पार झालेल्या उजेडाच्या पट्ट्यात दोन काळे पट्टे दिसतात, हे जर्मनीत होप-सेलर यांनी नुकतेच नोंदवले होते. स्टोक्स यांनी रक्ताच्या द्रावणात प्राणवायू काढून घेणारा लोहक्षार मिसळला. दोन पट्टे जाऊन एकच रुंद पट्टा राहिला. बाटली हवेत हलवली की दोन पट्टे परत आले. रक्तातला रंगीत पदार्थ प्राणवायू सैलसर धरतो आणि सोडतो, हे त्या बाटलीत डोळ्यांनी पाहता आले. कोविडच्या काळात घराघरांत आलेला पल्स ऑक्सिमीटर बोटातून उजेड पाठवून जो फरक मोजतो, तो रक्ताच्या दोन रंगांमधला हाच फरक. या काळातले त्यांचे प्रयोग घरातल्या कोठीमागच्या चिंचोळ्या वाटेत चालत, तिथल्या खिडकीला फटीची झडप बसवलेली होती. वेगळी प्रयोगशाळा नव्हती.

१८५७ मध्ये त्यांनी आर्मा वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ रॉबिन्सन यांच्या मुलीशी, मेरी यांच्याशी लग्न केले. लग्नाआधी त्यांनी तिला एक पत्र लिहिले, ५५ पानांचे. स्वतःच्या भावनांची अशी काही काटेकोर तपासणी त्यात होती, की लग्न मोडायची वेळ आली. लग्न झाले आणि कॉलेजच्या नियमाप्रमाणे त्यांना पेम्ब्रोकची फेलोशिप सोडावी लागली, विवाहित फेलो तेव्हा चालत नसत. त्यांच्या दोन मुली लहानपणीच गेल्या.

लग्नाच्या तीन वर्षे आधी, १८५४ मध्ये, ते रॉयल सोसायटीचे सचिव झाले होते आणि तब्बल ३१ वर्षे ते काम त्यांनी केले. आलेला प्रत्येक निबंध वाचायचा, चुका शोधायच्या, लेखकाला पत्र लिहून त्याचेच म्हणणे जास्त स्पष्ट करून द्यायचे. अशी हजारो पत्रे. इंग्लंडमधल्या एका पिढीच्या भौतिकशास्त्रावर त्यांचा हात फिरला आहे, पण त्यावर नाव दुसऱ्यांचे आहे. सूर्याच्या पट्ट्यातल्या काळ्या रेषा म्हणजे तिथल्या सोडियमसारख्या मूलद्रव्यांची खूण, हे त्यांनी मित्र विल्यम थॉमसन यांना, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्विनना, १८५० च्या आगेमागे समजावून सांगितले होते. छापले मात्र नाही. १८५९ मध्ये किरखॉफ यांनी ते सिद्ध करून प्रसिद्ध केले. केल्विन पुढे आयुष्यभर स्टोक्स यांच्या बाजूने भांडत राहिले, खुद्द स्टोक्स मात्र श्रेय किरखॉफचेच म्हणत. गणितातले ‘स्टोक्सचे प्रमेय’ तर उलटेच. ते केल्विन यांनी पत्रातून कळवले होते, स्टोक्स यांनी १८५४ मध्ये एका परीक्षेत प्रश्न म्हणून घातले आणि नाव चिकटले परीक्षकाचे. त्या परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते.

इतरांचे कागद तपासण्यात या माणसाची स्वतःची उत्तम वर्षे गेली, असे त्यांच्या मित्रांनाही वाटे. माझे मत जरा वेगळे आहे. १८५२ च्या निबंधासारखे काम पुन्हा झाले नाही हे खरे. पण त्या टपालाची खरी किंमत १८९६ मधल्या एका प्रसंगात दिसते. सिल्व्हेनस थॉम्प्सन यांना लंडनमध्ये आढळले, की युरेनियमचे क्षार धातूच्या पत्र्यातूनही फोटोच्या काचेवर ठसा उमटवतात. त्यांनी स्टोक्सना लिहिले. स्टोक्स यांनी तातडीने प्रसिद्ध करा म्हणून कळवले आणि थोड्याच दिवसांत दुसरे पत्र पाठवले: पॅरिसच्या हेन्री बेकरेल यांनी हे आधीच जाहीर केले आहे. ७६ वर्षांचा हा गृहस्थ दोन्ही देशांतली ताजी नियतकालिके वाचत होता. त्या ठशाचा फ्लुओरेसन्सशी संबंध नाही, तो किरणोत्सर्ग आहे, हे लवकरच बेकरेल यांच्या पुढच्या प्रयोगांतून उघड झाले.

मधल्या काळात मानसन्मान येत गेले. १८८५ ते १८९० रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद, १८८७ पासून पाच वर्षे केंब्रिज विद्यापीठातर्फे संसदेत खासदारकी, १८८९ मध्ये बॅरोनेट हा किताब. ल्युकेशियन प्राध्यापक, सोसायटीचे अध्यक्ष आणि खासदार ही तिन्ही पदे भूषवणारे त्यांच्याआधी फक्त न्यूटन होते, मात्र तिन्ही एकाच वेळी स्टोक्स यांच्याकडेच होती. १८९९ मध्ये प्राध्यापकपदाची पन्नास वर्षे केंब्रिजने थाटात साजरी केली. १ फेब्रुवारी १९०३ रोजी ते वारले, तेव्हाही प्राध्यापक होतेच.

त्यांच्या नियमाला अपवाद असल्याचा वाद त्यांच्या हयातीतच सुरू झाला होता. कमी वाकणारा उजेड घेऊन जास्त वाकणारा उजेड देणारे पदार्थ काहींनी दाखवले. नियम मुळात का लागू पडतो हे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी सांगितले. उजेड ऊर्जेच्या पुड्यांनी येतो असे मानले तर एक पुडी घेऊन त्याहून मोठी पुडी परत देता येणार नाही, आणि पदार्थात आधीच उष्णतेची शिल्लक असेल तर क्वचित देताही येईल. ज्या निबंधात फोटोइलेक्ट्रिक परिणामाचा उलगडा आहे, त्यातच हा स्टोक्स नियमावरचा भाग आहे.

कलकत्त्यात १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना शुद्ध द्रवांतून विखुरलेल्या उजेडात रंगबदलाची अंधूक खूण दिसली, तेव्हा ती अशुद्धतेमुळे आलेली क्षीण प्रतिदीप्ती असावी असेच वाटले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी पाठपुरावा सोडला नाही. ऊन, एक निळी-जांभळी काच आणि तिला छेद देणारी पिवळट-हिरवी काच, म्हणजे स्टोक्स यांचीच मांडणी, वापरून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी दाखवून दिले, की हा फ्लुओरेसन्स नसून वेगळाच परिणाम आहे. त्यात कमी ऊर्जेच्या ज्या रेषा दिसतात त्यांना स्टोक्स रेषा म्हणतात आणि जास्त ऊर्जेच्या, बऱ्याच मंद असणाऱ्या रेषांना प्रति-स्टोक्स.